हॅम्बर्गला जाण्यापूर्वी

उन्हाळी सुट्टीचे बेत ठरू लागले की घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी येथील आपल्या घराघरांतून युरोपचे नाव निघते. त्या नावाबरोबर स्वित्झर्लंडची हिमशिखरे, पॅरिसचा मनोरा आणि स्वयंपाकी महाराज सोबत घेऊन निघणारी सहल, एवढेच चित्र बहुधा डोळ्यांपुढे उभे राहते. जर्मनीतील हॅम्बर्ग हे बंदर त्या यादीत क्वचितच असते. ज्यांचा आयात-निर्यातीशी संबंध आहे त्यांना हे नाव जहाजाच्या कागदपत्रांतून परिचित आहे. न्हावा-शेव्याहून निघालेला कंटेनर तेथे उतरतो, पैसे येतात आणि ओळख तेवढ्यावरच थांबते. व्यापाराच्या कामासाठी प्रत्यक्ष जाणारेही विमानतळ, हॉटेल आणि ग्राहकाचे कार्यालय एवढेच पाहून परततात.

वस्तुतः जैन व्यापारी कुटुंबाने युरोपातील एखादेच शहर सावकाश पाहायचे ठरवले, तर ते हॅम्बर्ग असावे, असे मला वाटते. याची कारणे दोन. पहिले असे की, या शहराचा कारभार शतकानुशतके कोणा राजाने नव्हे, तर व्यापाऱ्यांनी पाहिला. तेथील वखारी, पेढ्या आणि बाजारभवन पाहताना आपल्याला आपल्याच धंद्याची रीत परक्या वेषात दिसते. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. विसाव्या शतकात युरोपात आपल्या आगमग्रंथांचा जो अत्यंत काटेकोर अभ्यास झाला, त्याचे एक प्रमुख केंद्र हे शहर होते. ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून निघण्यापूर्वीची तयारी कशी करावी आणि तेथे गेल्यावर काय पाहावे, याचा येथे क्रमाने विचार करू.

आधी मर्यादा, मग मार्ग

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रताचे स्थान लक्षात घेण्याजोगे आहे. कोणत्या दिशेला आपण किती अंतरापर्यंत जाऊ, याची मर्यादा गृहस्थाने स्वतःच आखून घ्यावी, असे हे व्रत सांगते. ती मर्यादा ओलांडणे हा जसा अतिचार, तसाच ती आखून विसरून जाणे हाही अतिचारच मानला आहे. दूरदेशी व्यापार करणाऱ्या समाजाने हे व्रत जपले, यात मोठा अर्थ आहे. गृहस्थाला प्रवास निषिद्ध नाही. मात्र कोठवर, कशासाठी आणि किती दिवस, हे उंबरठा ओलांडण्यापूर्वी मनाशी स्पष्ट असावे.

परदेशप्रवासाचा विषय निघाला की घरात दोन मते पडतात. वडीलधाऱ्यांना भीती वाटते की मुले नियम मुंबईतच ठेवून जातील. मुलांना वाटते की सगळे नियम पाळायचे असतील तर न गेलेलेच बरे. दोन्ही मतांचे मूळ एकच आहे. आपण आधी सहल आखतो आणि मग त्या आखणीत नियमांना जागा शोधतो. क्रम उलटा केला तर बराचसा वाद आपोआप मिटतो. १८९३ मध्ये वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस गेले, तेव्हा समुद्र ओलांडण्यावरून आपल्या समाजात मोठा विरोध झाला होता. आहाराचे नियम त्यांनी परदेशातही सोडले नाहीत. तेव्हा ना उपनगरातल्या दुकानात मिळणारे खाकऱ्यांचे डबे होते, ना विजेची किटली. आज आपल्याला त्या मानाने पुष्कळच सोपे आहे.

म्हणून एखाद्या रविवारी सर्वांनी एकत्र बसावे आणि वहीच्या पहिल्या पानावर ठिकाणांची नावे न लिहिता नियम लिहावेत. आजोबांचा चौविहार, आजीचे रोजचे सामायिक, सूनबाईंचा कंदमूळत्याग, नातवाला झेपेल तेवढी नवकारशी. कोणाचा कोणता नियम अटळ आहे आणि कोणता गुरुमहाराजांना विचारून प्रवासापुरता वेगळ्या रीतीने पाळता येईल, हे आधीच ठरावे. ज्यांना रोजच्या जिनपूजेचा नियम आहे त्यांनी तर अवश्य विचारून घ्यावे. हिऱ्यांच्या व्यापारामुळे आपल्या अनेक कुटुंबांचे आप्त बेल्जियममध्ये आहेत. अँटवर्पजवळ विलराइक येथे शुभ्र संगमरवरी जिनमंदिर आहे. हॅम्बर्गहून रेल्वेने तेथवर पोहोचण्यास जवळजवळ एक दिवस मोडतो. तरीही प्रवासाचा शेवट तेथे दर्शनाने करता येईल.

जावे केव्हा

हॅम्बर्ग साडेत्रेपन्न उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. ही भूगोलाची माहिती आपल्या दृष्टीने थेट ताटाशी येऊन भिडते. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत सुमारे सव्वादोन तासांचे अंतर असते. हॅम्बर्गला ते साडेनऊ तासांहून अधिक आहे. जूनच्या उत्तरार्धात तेथे सूर्य पहाटे ४.५० च्या सुमारास उगवतो आणि रात्री ९.५० च्या सुमारास मावळतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात तोच सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवून दुपारी चारच्या सुमारास मावळतो.

याचा अर्थ असा की जूनमध्ये दिवसभर हिंडून संध्याकाळी साडेसातला निवांत जेवले, तरी चौविहारास बाध येत नाही. मुंबईत दुकान वाढवून लोकलने घरी पोहोचेपर्यंत ज्यांचा सूर्यास्त टळतो, त्यांना तर हे दिवस मायदेशापेक्षाही सोपे वाटतील. उलट डिसेंबरमध्ये नवकारशी येते सकाळी ९.२५ च्या आसपास आणि दुपारी चारला दिवसाचे खाणेपिणे संपते. पोरसीचा हिशेबही बदलतो. पोरसी म्हणजे दिनमानाचा चौथा भाग. सतरा तासांच्या दिवसात तो सव्वाचार तासांचा होतो आणि साडेसात तासांच्या दिवसात दोन तासांहूनही कमी. मुंबईच्या पंचांगातील वेळा तेथे उपयोगी पडत नाहीत. ज्या तारखांना जायचे त्या तारखांचे हॅम्बर्गचे सूर्योदय-सूर्यास्त आधीच वहीत उतरवून घ्यावेत.

मोठ्या दिवसाची एक अडचणही आहे. सायंकाळचे प्रतिक्रमण रात्री दहाकडे सरकते आणि सकाळचे सूर्योदयापूर्वी करायचे म्हटले तर चारला उठावे लागते. मधली झोप चार-पाच तासांचीच उरते. म्हणून दुपारी दोन तास विश्रांतीचे राखून ठेवावेत आणि त्या वेळेत एकही ठिकाण बसवू नये.

आपले धार्मिक वर्ष पाहता अक्षय्य तृतीयेचे वर्षीतप-पारणे आटोपल्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. मुलांना सुट्टी असते, चैत्री ओळी झालेली असते, चातुर्मास लागायला अवकाश असतो. हवा आपल्याकडील माथेरानच्या हिवाळ्याहूनही गार असते, पण सोसवते. पावसाची सर केव्हाही येते. ७ मेच्या आसपास तेथे बंदराचा वाढदिवस साजरा होतो. ११८९ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने शहराला जकातमाफी दिली, अशी परंपरा आहे आणि त्या दिवसाचा हा उत्सव आहे. जहाजांची मिरवणूक प्रेक्षणीय असते, मात्र गर्दी अफाट असते आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात. वृद्ध मंडळी सोबत असतील तर तो आठवडा टाळावा.

कागदपत्रांना उशीर करू नये. जर्मनीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अनेक देश पाहायचे असतील तर जेथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दिलेला असावा लागतो. ३० हजार युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. आपल्या घरांत एक बारीक गोष्ट आढळते. वडिलांच्या पारपत्रावर आडनाव ‘जैन’, मुलाच्या ‘शाह’, तर आजीच्या कागदावर केवळ गावाचे किंवा गोत्राचे नाव. नाते सिद्ध करणारे दाखले एकमेकांशी जुळतात की नाही, हे दोन-तीन महिने आधीच पाहावे. मुंबईहून जाताना बहुधा फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा दुबई येथे विमान बदलावे लागते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबत जातो, त्यामुळे विमानात सूर्यास्त केव्हा धरावा असा प्रश्न पडतो. अशा वेळी मुट्ठिसहियं पच्चक्खाण घेण्याची रीत गुरुमहाराजांकडून समजून घ्यावी.

ताट आणि पिशवी

हॅम्बर्ग हे मासळीचे शहर आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. नदीकाठच्या धक्क्यावर मासे भरलेल्या पावांची दुकाने ओळीने असतात. रविवारी पहाटे भरणारा मासळीबाजार प्रवासी आवडीने पाहतात. आपण तो वगळावा आणि धक्क्यावर सकाळी लवकर, दुकाने थाटण्यापूर्वी जावे. यापलीकडे घाबरण्याचे कारण नाही. शाकाहार तेथे आता अपरिचित राहिलेला नाही. अडचण शाकाहाराची नसून कंदमुळाची आहे, कारण बटाटा हे जर्मन ताटाचे मुख्य अन्न आहे.

पदार्थावर ‘फेगान’ असे लिहिले असेल तर त्यात अंडे, दूध आणि मधही नाही, एवढी खात्री धरता येते. मात्र कांदा, लसूण आणि बटाटा असू शकतो. म्हणून तीन शब्द पाठ करावेत. कांद्याला ‘त्स्वीबेल’, लसणीला ‘क्नोब्लाउख’ आणि बटाट्याला ‘कार्टोफेल’ म्हणतात. ‘शिवाय’ या अर्थी ‘ओने’ हा शब्द आधी लावावा. पाकिटांवर आणखी चार शब्द पाहावेत. ‘आय’ म्हणजे अंडे, ‘गेलाटीने’ म्हणजे जिलेटिन, ‘श्माल्त्स’ म्हणजे बहुधा प्राण्याची चरबी आणि ‘लाब’ म्हणजे चीज गोठवण्याचे विरजण, जे वासराच्या जठरातून काढलेले असू शकते. मे महिन्यात सर्वत्र ‘श्पार्गेल’ नावाचा पांढरा कोंब आवडीने खाल्ला जातो. तो मातीच्या ढिगाखाली वाढवतात. तो घ्यावा की नाही हे ज्याने त्याने आपल्या परंपरेप्रमाणे ठरवावे.

मोठ्या कुटुंबाने हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. आपला कुकर, तवा, गरणे आणि पाणी उकळण्याची किटली सोबत न्यावी. खाकरे, कोरड्या चटण्या, मुगाची डाळ, तांदूळ, उपम्याचा भाजलेला रवा एवढ्यावर आठवडा निभतो. पेढे, माव्याची मिठाई आणि तुपाचा डबा मात्र घरीच ठेवावा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणण्यास युरोपीय संघाची मनाई आहे आणि असे पदार्थ विमानतळावर काढून घेतले जातात. ताज्या भाज्यांसाठी ‘ईझेमार्क्ट’ हा उघड्यावरचा बाजार उत्तम. उंचावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाखाली तो मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी भरतो. मुख्य स्थानकाजवळ श्टाइनडाम रस्त्यावर आशियाई किराणा मिळतो. रविवारी जर्मनीत बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच दोन दिवसांची सोय करावी. मुक्काम दामतोर स्थानकाच्या किंवा औसेनआल्स्टर सरोवराच्या बाजूस घ्यावा. सेंट पाउली भागातील रीपरबान ही रात्रीच्या करमणुकीची वस्ती आहे. तिच्या जवळ खोली स्वस्त मिळाली तरी कुटुंबासाठी ती घेऊ नये.

वखारींचे शहर

पहिला दिवस श्पायखरश्टाटला द्यावा. या शब्दाचा अर्थच ‘वखारींचे नगर’ असा आहे. हे काम १८८३ मध्ये सुरू झाले आणि १८८८ मध्ये सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. लाल विटांच्या उंच वखारींची ही रांग ओकच्या लाकडी खुंटांवर उभी आहे. प्रत्येक वखारीला दोन तोंडे असतात, एक कालव्याकडे आणि एक रस्त्याकडे. मालाची नाव कालव्यातून येई, छताच्या टोकाशी बसवलेल्या यारीने पोती वर ओढली जात आणि विकलेला माल दुसऱ्या बाजूने गाडीत चढे. कॉफी, चहा, कोको, मसाले आणि गालिचे यांचे येथे साठे असत. जकात न भरता माल ठेवण्याची सवलत हा या साऱ्या व्यवस्थेचा पाया होता. २०१३ च्या आरंभी हॅम्बर्गचे मुक्त बंदर अधिकृतपणे संपले. त्यापूर्वीच, २००३ मध्ये, वखारींचा हा भाग त्यातून वगळला गेला होता. २०१५ मध्ये युनेस्कोने या वखारी आणि शेजारचा पेढ्यांचा भाग जागतिक वारसा म्हणून घोषित केला.

आपल्या वडील पिढीतील ज्यांनी मशीद बंदर, दाणाबंदर, भातबाजार येथे उमेदवारी केली, त्यांना येथे कोणी काही समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. मालाचा नमुना काढणे, वजन करणे, प्रत लावणे, सडका माल वेगळा करणे ही कामे दुसऱ्यांसाठी करणाऱ्या लहान भागीदारी पेढ्या येथे होत्या. आपल्याकडील मुकादम आणि दलाल यांच्या कामाशी त्यांचे काम पुष्कळ जुळते. तेथील वखार-संग्रहालयात त्यांची अवजारे मांडली आहेत आणि जवळच मसाल्यांचे संग्रहालय आहे. दाणाबंदरचा बाजार वाशीला गेल्यावर आपल्या जुन्या गोदामांची आठवण आपण कोठे जपली, हा प्रश्न तेथे उभे असताना मनात आल्याशिवाय राहणार नाही.

मुलांना मात्र हेही सांगावे की ही भव्य रांग उभारण्यासाठी तेथे राहणाऱ्या सुमारे २० हजार लोकांना घरे सोडावी लागली. व्यापाराच्या वैभवाची किंमत कोणी दिली, हे पाहण्याची सवय लागणे हाही प्रवासाचा लाभ आहे.

याच भागात छोट्या आगगाड्यांचे जगप्रसिद्ध प्रदर्शन ‘मिनिआटुर वुंडरलांड’ आहे. मुले तेथे सहज तीन तास रमतात. तिकीट आधी काढून ठेवावे. पलीकडे जुन्या वखारीच्या भिंतींवर काचेचा मुकुट चढवल्यासारखे एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह आहे. ते २०१७ मध्ये सुरू झाले. खालच्या वखारीत पूर्वी कोको, चहा आणि तंबाखू साठवत. संगीताचे तिकीट न काढताही ३७ मीटर उंचीवरच्या सज्जापर्यंत जाता येते आणि तेथून सारे बंदर दिसते. लांडुंग्सब्रुकेन या धक्क्याजवळ १९११ मध्ये बांधलेला जुना बोगदा नदीखालून पलीकडे जातो. तो ४२६ मीटर लांब आहे आणि उतरण्यासाठी उद्वाहक आहे, त्यामुळे आजी-आजोबांनाही जाता येते. बंदराच्या फेरफटक्यासाठी वेगळी महाग बोट घेण्याचे कारण नाही. शहराच्या रोजच्या तिकिटावर ६२ क्रमांकाची फेरी नाव फिंकेनवेर्डरपर्यंत नेऊन आणते.

व्यापाऱ्याचा शब्द

दुसऱ्या दिवशी नगरभवन, म्हणजे राटहाउस पाहावे. १८९७ मधील ही इमारत चार हजार लाकडी खुंटांवर उभी आहे. तिच्या पाठीशी, एकाच चौकाच्या दुसऱ्या बाजूस, शेअरबाजाराची इमारत आहे. शासन आणि बाजार पाठीला पाठ लावून उभे आहेत, यातच या शहराचा स्वभाव दिसतो. हॅम्बर्गचा शेअरबाजार १५५८ चा आहे. १८४२ मध्ये शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला, तेव्हा नुकतीच पूर्ण झालेली ही इमारत वाचली. व्यापार मंडळाचे येथील ग्रंथालय १७३५ पासूनचे आहे.

येथे ‘एरबारर काउफमान’ या नावाने ओळखली जाणारी व्यापाऱ्यांची एक सभा १५१७ पासून चालत आली आहे. या शब्दांचा अर्थ ‘सचोटीचा व्यापारी’. शब्द दिला की करार झाला, ही या परंपरेची धारणा आहे. हे ऐकून आपल्याला परके वाटू नये. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते जणू बाजारात उभे राहूनच सांगितले आहेत. दुसऱ्यास चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे निर्बंध मोडून व्यापार करणे, घेताना एक आणि देताना दुसरे माप वापरणे, चांगल्या मालात हलका माल मिसळणे. हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यांनी सचोटीला संस्थेचे रूप दिले. आपल्याकडे ती व्रत म्हणून आली. व्रताचा हिशेब माणूस स्वतःशी ठेवतो, म्हणून ते अधिक कठीण आहे. आपल्या पेढीवर बसू लागलेल्या तरुणांशी हे बोलण्यास याहून योग्य जागा सापडणार नाही.

जवळच चिलेहाउस ही जहाजाच्या नाळेसारखी टोकदार इमारत आहे. चिली देशातील सोऱ्याच्या व्यापारातून धनवान झालेल्या हेन्री स्लोमान यांनी ती १९२२ ते १९२४ या काळात बांधवली. आल्स्टर सरोवराच्या काठी अटलांटिक हॉटेल दिसते. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या उपस्थितीत ११ सप्टेंबर १९४२ रोजी तेथे जर्मन-भारतीय संस्थेचे उद्घाटन झाले आणि ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर वाजवले गेले.

दिवसाच्या शेवटी सेंट निकोलाय चर्चचा काळवंडलेला मनोरा पाहावा. जुलै १९४३ मधील हवाई हल्ल्यांत या शहरातील ३० हजारांहून अधिक माणसे मेली. चर्च पुन्हा न बांधता तसेच स्मारक म्हणून ठेवले आहे. अहिंसा हा शब्द आपल्या कानांना इतका सरावाचा झाला आहे की त्याचा भार जाणवत नाही. येथे तो जाणवतो.

दामतोर स्थानकाजवळ

तिसरा दिवस या प्रवासाचा गाभा आहे, आणि तो कोणत्याही सहलीच्या पत्रकात मिळणार नाही. दामतोर स्थानकातून बाहेर पडताच हॅम्बर्ग विद्यापीठाची घुमटाची इमारत दिसते. विद्यापीठ १९१९ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी वाल्टर शुब्रिंग तेथे भारतविद्येचे प्राध्यापक म्हणून आले.

त्यापूर्वीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा आहे, असा समज युरोपात बराच काळ होता. हरमान याकोबी यांनी १८७९ मध्ये कल्पसूत्राच्या प्रस्तावनेत तो खोडून काढला आणि १८८४ मध्ये आचारांग व कल्पसूत्र यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. शुब्रिंग हे पुढच्या पिढीचे, एर्न्स्ट लॉयमान यांचे शिष्य. आधी बर्लिनच्या ग्रंथालयात काम करताना त्यांचा हस्तलिखितांशी रोजचा संबंध आला. १९१० मध्ये त्यांनी आचारांगाच्या पहिल्या श्रुतस्कंधाची चिकित्सक आवृत्ती काढली. गद्यात विखुरलेले प्राचीन पद्यांचे तुकडे छंदावरून ओळखून वेगळे करणे, हे त्यांचे विशेष कार्य. १९३५ मध्ये जैन सिद्धांतावरील त्यांचा मोठा ग्रंथ आला, जो आजही अभ्यासक हाती घेतात. १९४४ मध्ये त्यांनी बर्लिनच्या संग्रहातील जैन हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. बाहेर युद्ध चालू असताना एक माणूस आपल्या पोथ्यांच्या नोंदी लावत बसला होता.

याहूनही जवळचा दुवा असा की, लॉयमान यांनी संपादित केलेले आणि शुब्रिंग यांनी इंग्रजीत भाषांतरित केलेले दशवैकालिक सूत्र १९३२ मध्ये अहमदाबादहून शेठ आणंदजी कल्याणजी यांच्या व्यवस्थापकांनी प्रकाशित केले. शत्रुंजयाचा कारभार पाहणारी ही पेढी आपण यात्रेमुळे जाणतो. तीच पेढी हॅम्बर्गच्या प्राध्यापकाचे भाषांतर छापते, यात आपल्या पूर्वजांची दृष्टी दिसते.

शुब्रिंग यांच्यानंतर लुडविग आल्सडोर्फ आले. पुष्पदंताच्या अपभ्रंश महापुराणातील हरिवंशाचा भाग त्यांनी १९३६ मध्ये संपादित केला होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत डॉ. प. ल. वैद्य यांनी संपूर्ण महापुराण तीन खंडांत संपादित केले आणि ते आपल्या मुंबईच्या माणिकचंद्र ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. १९६२ मध्ये आल्सडोर्फ यांनी भारतातील शाकाहाराच्या इतिहासावर एक प्रबंध प्रसिद्ध केला, ज्याचा आधार आजही घेतला जातो. मासळीच्या या शहरातील प्राध्यापकाने भारतीय शाकाहाराच्या उगमाचा शोध घ्यावा, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

आशिया-आफ्रिका संस्था याच आवारात आहे आणि विद्यापीठात हस्तलिखितांच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्रही आहे. प्रवाशाला तेथे तिकीट काढून पाहण्याजोगे काही नाही. ज्यांना खरी जिज्ञासा आहे त्यांनी आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी. इतरांनी आवारात अर्धा तास शांत बसावे, नवकार म्हणावा, आणि मुलांना ही दोन नावे सांगावीत.

समोरच्या मोरवाइडे मैदानाकडेही पाहावे. १९४१ मध्ये हॅम्बर्गच्या ज्यू नागरिकांना हद्दपार करण्यासाठी येथे जमण्याची आज्ञा झाली होती. त्यांत व्यापारी होते, डॉक्टर होते, मुले होती आणि बहुतेक परतले नाहीत. ज्या आवारात आचारांग शिकवले गेले, त्याच्या समोर हे घडले. ग्रंथ जवळ असणे आणि तो आचरणात उतरणे यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे येथे उमगते. दुपारनंतर शेजारच्या ‘प्लांटेन उन ब्लोमेन’ उद्यानात फिरावे. मे ते सप्टेंबर या काळात तेथे संध्याकाळी रंगीत कारंजी असतात, आणि जूनमध्ये सूर्यास्त होण्यापूर्वीच जेवण आटोपून ती पाहता येतात.

ल्यूबेकचा दरवाजा

चौथ्या दिवशी ल्यूबेकला जावे. रेल्वेने पाऊण तास लागतो. १८८१ मध्ये शुब्रिंग यांचा जन्म याच गावी झाला. बाल्टिक समुद्राच्या व्यापारी संघाचे हे प्रमुख नगर होते आणि मिठाच्या व्यापारावर त्याचा मोठा उत्कर्ष झाला. मिठाच्या जुन्या वखारी नदीकाठी अजून उभ्या आहेत. बदाम आणि साखर यांपासून होणाऱ्या मार्झिपान मिठाईसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. काही प्रकारांत मद्य किंवा अंड्याचा पांढरा भाग असतो, म्हणून घटक वाचूनच घ्यावी.

गावाच्या होल्स्टेनटोर या वेशीवर लॅटिन भाषेत चार शब्द कोरले आहेत. घरात एकोपा आणि बाहेर शांती, असा त्यांचा आशय आहे. परदेशप्रवासावरून मतभेद असलेल्या कुटुंबाने तेथे एकत्र उभे राहून छायाचित्र अवश्य काढावे.

निघण्यापूर्वीच्या यादीत मी आणखी एकच गोष्ट घालेन. दशवैकालिक सूत्राचे भाषांतर आपल्या उपाश्रयाच्या किंवा स्थानकाच्या ज्ञानभांडारात विचारावे आणि त्याचे पहिले अध्ययन, ‘दुमपुप्फिया’, सर्वांनी मिळून वाचावे. भ्रमर फुलाला न दुखवता थोडा थोडा रस घेतो, तशी मुनीची भिक्षा असावी, असे त्यात सांगितले आहे. ते साधूंसाठी सांगितले असले, तरी परक्या गावात जाणाऱ्या गृहस्थालाही ते लागू पडते. हॅम्बर्गच्या एका प्राध्यापकाने ते अध्ययन समजून घेण्यासाठी प्राकृत शिकण्याचे कष्ट घेतले. आपल्याला तर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ते मराठीत, गुजरातीत किंवा हिंदीत मिळू शकते. तिकिटे त्यानंतर काढावीत.

जय जिनेंद्र.